वजनकाटा, कंबर आणि तेलाचा डबा : अमिरातीतील मराठी घराचा आहार

२०१३ च्या रमजान महिन्यात दुबई महापालिकेने एक योजना जाहीर केली. नाव नोंदवून वजन करून घ्यायचे, तीस दिवसांनी पुन्हा काट्यावर उभे राहायचे आणि घटलेल्या प्रत्येक किलोमागे एक ग्रॅम सोने घेऊन जायचे. अट एवढीच की निदान २ किलो तरी कमी झालेले असावे. सोन्याच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या शहराला शोभणारीच ही कल्पना होती. हजारो रहिवाशांनी नावे नोंदवली आणि पुढल्या वर्षी मुलांनाही तीत सामावून घेण्यात आले. मात्र सोने मिळाले ते तीस दिवसांच्या हिशेबावर. एकतिसाव्या दिवसापासून काय, हा प्रश्न योजनेच्या कक्षेत येत नव्हता. आणि वजनाच्या बाबतीत खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

वजन घटवण्याचे मार्ग पुष्कळ आहेत आणि थोड्या काळापुरते त्यांतले बहुतेक लागू पडतात. घटलेले वजन टिकवणे अवघड. अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी स्पर्धेत झपाट्याने वजन उतरवलेल्या १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी पुन्हा तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो घटवले होते. त्यांपैकी सुमारे ४१ किलो परत आले होते. त्याहून चिंतेची गोष्ट अशी की, विश्रांतीच्या अवस्थेतही त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होते. उपासमार संपली तरी शरीराने काटकसर सोडली नव्हती.

म्हणून अमिरातीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाने विचारायचा प्रश्न ‘महिन्यात किती किलो?’ हा नव्हे. उन्हाळ्याचे चार महिने, रमजानमधील बदललेल्या वेळा, जुलै-ऑगस्टची मायदेशाची सुट्टी, गणपती, दिवाळी आणि डिसेंबरातील मेजवान्या या साऱ्यांतून तरून जाईल असा कोणता बदल घरात करता येईल, असा तो प्रश्न आहे. असा बदल एकट्या माणसाच्या निर्धारावर फार काळ उभा राहत नाही. तो स्वयंपाकघरात, जेवणाच्या वेळेत आणि महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत करावा लागतो.

दिसायला सडपातळ, आतून स्थूल

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २००४ मध्ये दोन शास्त्रज्ञांचे छायाचित्र छापले. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे प्रा. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी सारखा होता : २२.३. जगन्मान्य कोष्टकाप्रमाणे दोघेही उत्तम. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावतात, तर याज्ञिक यांचा व्यायाम रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी ती गाठण्यापुरता, अशी मिस्किल कबुलीही त्या टिपणात होती. तरीही फरक केवळ धावण्याचा नव्हता. १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर मातांचा व त्यांच्या बाळांचा जो अभ्यास चालवला, त्यात नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो आढळले; इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ते सुमारे ३.५ किलो होते. पुण्याकडची बाळे लहान होती, त्यांचे स्नायू कमी भरलेले होते. पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. कमी स्नायू आणि जास्त चरबी ही घडण जन्मापासूनच दिसत होती.

दुबईतल्या एखाद्या चाळिशीच्या मराठी अभियंत्यासाठी याचा अर्थ फार व्यावहारिक आहे. शर्टाचे माप वर्षानुवर्षे तेच आहे, हातपाय काटकुळे आहेत, फक्त पोट थोडे पुढे आले आहे. अशा माणसाला ‘तब्येत सुधारली’ म्हणण्याची आपली रीत आहे. पोटातील हीच चरबी यकृताभोवती आणि आतड्यांभोवती साठते, इन्सुलिनचे काम अडवते आणि मधुमेहाची वाट मोकळी करते. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये एकमताने भारतीयांसाठी वेगळ्या मर्यादा सुचवल्या त्या याच कारणाने : बीएमआय २३ पासून जादा वजन आणि २५ पासून स्थूलता, तर कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर गाठला की धोक्याची खूण. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे वजन ७५ किलो असेल तर त्याचा बीएमआय जवळजवळ २६ येतो. परदेशी कोष्टक त्याला ‘किंचित जास्त वजन’ म्हणेल. भारतीय कोष्टक त्याला स्थूल ठरवते.

धोका अमिरातीतही मोजून झालेला आहे. शारजा विद्यापीठाच्या पुढाकाराने दुबई, शारजा आणि उत्तरेकडील अमिरातींतील परदेशी रहिवाशांची पाहणी झाली तेव्हा, वय आणि लिंग यांचा हिशेब जमेस धरून, पाचांपैकी जवळपास एकाला मधुमेह असल्याचे आढळले. त्यांतील अनेकांना तो असल्याची कल्पनाही नव्हती. येथे निवासाचा परवाना बहुतेकांच्या बाबतीत नोकरीला बांधलेला असतो. घरचा कमावता माणूस पन्नाशीच्या आत आजारी पडला की प्रश्न एकट्या औषधाचा राहत नाही, मुलांची शाळा, घरभाडे आणि गावच्या घराचा हप्ता सगळेच त्याला जोडलेले असते.

दिलासा देणारा भाग असा की, उद्दिष्ट फार मोठे ठेवण्याची गरज नाही. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत वजन ७ टक्के घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम करणे एवढेच लक्ष्य होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. वरच्या उदाहरणातील माणसासाठी ७ टक्के म्हणजे सव्वापाच किलो. चेन्नईत ५३१ जणांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीचे निष्कर्ष आपल्याला आणखी जवळचे आहेत. केवळ आहार व चालणे सुधारलेल्या गटात तीन वर्षांत ३९ टक्के लोक मधुमेही झाले, काहीच न बदललेल्या गटात ५५ टक्के. आणि हा फायदा वजनात लक्षणीय घट न होताही मिळाला. काटा हलला नाही म्हणून सगळे व्यर्थ गेले असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. शिवणकामाची साधी फीत काट्याइतकीच उपयोगी आहे. खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, महिन्यातून एकदा माप घ्यावे. ते उंचीच्या निम्म्याहून कमी असणे बरे.

साडेनऊचे जेवण

अमिरातीत वजन वाढते ते पदार्थांइतकेच घड्याळामुळे. भाडे परवडते म्हणून अनेक मराठी कुटुंबे शारजात किंवा अजमानमध्ये राहतात आणि नोकरी दुबईत करतात. सकाळी मुलांची शाळेची बस सहा-साडेसहाला येते. त्या घाईत न्याहारी चहा-बिस्किटांवर भागते. दुपारी कार्यालयात डबा. संध्याकाळी अल इत्तिहाद रस्त्यावरच्या गाड्यांच्या रांगेत तास-दीड तास जातो. घरी पोचेपर्यंत भूक इतकी खवळलेली असते की स्वयंपाक होईतो फरसाणाची अर्धी पिशवी रिकामी होते आणि त्यानंतर साडेनऊला पोळी, भाजी, भात, वरण असे साग्रसंगीत जेवण होते. दिवसभरातील सर्वांत मोठे जेवण आणि झोप यांच्यात तासाभराचेच अंतर उरते.

यावर उपाय म्हणून रात्री उपाशी राहण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो आठवडाभर टिकतो. त्यापेक्षा जेवणाचा भार दिवसाच्या अलीकडच्या बाजूला सरकवणे सोयीचे पडते, आणि त्याची युक्ती अगदी घरगुती आहे : दुसरा डबा. दुपारच्या डब्याबरोबर एक छोटा डबा न्यायचा आणि तो कार्यालयातून निघण्यापूर्वी, पाच-सहाच्या सुमारास संपवायचा. त्यात मोड आलेल्या मटकीची उसळ, उकडलेली दोन अंडी, चण्यांची कोरडी भाजी, पनीरचे तुकडे किंवा थालीपीठ आणि दही यांपैकी काहीही चालेल. बिस्किटे आणि चिवडा नको. हा डबा पोटात असला की घरी पोचल्यावर वाटीभर भाजी, एक भाकरी आणि ताक पुरते. रात्रीचे जेवण बंद केल्याची भावना राहत नाही, म्हणून ही सवय महिने न् महिने टिकू शकते.

याच घड्याळात कडक चहा येतो. आटवलेल्या किंवा डब्यातील दुधाचा, वेलची-केशर घातलेला हा करक चहा कार्यालयाखालच्या टपरीपासून पेट्रोल पंपापर्यंत सगळीकडे एक-दोन दिरहमांत मिळतो आणि साखर घालूनच मिळतो. कपाला दोन चमचे साखर धरली तरी तीन कपांत २४ ग्रॅम होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेल्या आहार-मार्गदर्शिकेत वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा २० ते २५ ग्रॅम आहे. म्हणजे जेवणाला बसण्याआधीच ती संपली. दुकानदाराला ‘बिना शक्कर’ एवढे दोन शब्द सांगितले की तो निमूटपणे बिनसाखरेचा करून देतो.

डब्यावर लिहिलेली तारीख

याच मार्गदर्शिकेत दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या प्रौढासाठी एक नमुना ताट दिले आहे. त्यात धान्ये २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, डाळी, कडधान्ये किंवा मांस-मासे-अंडी मिळून ८५ ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, सुकामेवा व तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम आहे. धान्ये आणि डाळी कच्च्या वजनाच्या धराव्यात. हे ताट आणि नेहमीचे मराठी जेवण शेजारी ठेवले की चूक कुठे आहे ते दिसते. आपल्याकडे पोळीबरोबर बटाट्याची भाजी, नंतर भात, त्यावर पातळ वरण, सणाला पुरी. न्याहारीला पोहे किंवा उपमा. उपवासाला साबुदाणा, जो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. डाळ असते पण वाटीच्या तळाशी, आणि कोशिंबीर ताटाच्या डाव्या बाजूला चमचाभर. मराठी ताटात सगळे घटक आहेत, मापे उलटी झाली आहेत. कोशिंबीर आणि भाजी चमच्याऐवजी वाटीने वाढली, वरण घट्ट केले, पोळ्यांतून एक आणि भातातून निम्मा कमी केला, तर परदेशी पदार्थ न आणताही ताट बदलते. पोह्यांत मटार आणि मोडाचे मूग मुबलक घालणे, पिठल्याला केवळ आळसाच्या दिवसाचा पदार्थ न मानणे, कुळीथ व नाचणी यांना पुन्हा आठवड्यात जागा देणे, हे सगळे त्याच दिशेचे आहे.

खरा चोर मात्र तेल. २७ ग्रॅम म्हणजे पोहे खायच्या चमच्याने पाच-सहा चमचे. त्यात फोडणी, पोळीला लावलेले तेल, भातावरचे तूप, लोण्याचा गोळा, सारेच आले. चार प्रौढांच्या घरात महिन्याला हे सव्वातीन किलो, म्हणजे साडेतीन लिटरांच्या आसपास बसते. घरात लहान मुले असतील आणि आठवड्यातून दोनदा बाहेर खाणे होत असेल तर घरच्या तेलाचा आकडा तीन लिटरांच्या खालीच असायला हवा. प्रत्यक्षात येथील मोठ्या दुकानांत पाच लिटरांचा डबा सवलतीत मिळतो आणि तो महिना पुरत नाही, असे अनेक घरांत घडते. कॅलरी मोजण्याचे ॲप चार दिवसांत कंटाळवाणे होते. डबा फोडला त्या दिवशी त्यावर तारीख लिहून ठेवणे कुणालाही जमते. पुढचा डबा कधी फुटतो, यावरून घराचा कल समजतो. रोज तेलाचा एक मोठा चमचा कमी झाला तर सुमारे १२० कॅलरी वाचतात; वर सांगितलेली चहातील साखर सोडली तर आणखी ९५ च्या आसपास. दोन्ही मिळून दोनशेहून अधिक. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात, तेव्हा कुणालाही उपाशी न ठेवता पाच-सहा आठवड्यांत किलोभर वजन उतरण्यास हे पुरेसे आहे. पुढे वेग मंदावतो. ते अपयश नव्हे, शरीराची रीत आहे.

तळलेल्या फराळाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. सणाचा फराळ सणाला खावा आणि दिवाळीनंतर तीन आठवडे डबे भरून ठेवू नयेत.

दोन पंथ

मराठी घरात वजनाचा विषय निघाला की चर्चा लवकरच दोन नावांवर येते. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा सल्ला दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याचा आहे. त्यामागची मूळ कल्पना नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांची. जेवढ्या वेळा खाल तेवढ्या वेळा इन्सुलिन स्रवते, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा, असा हा युक्तिवाद. जोडीला रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे. ऋजुता दिवेकर यांची भूमिका जवळपास विरुद्ध : थोड्या थोड्या वेळाने खा, घरचे आणि आपल्या प्रांताचे खा, तुपाला घाबरू नका. २०१८ च्या सुमारास हा वाद महाराष्ट्रात इतका रंगला की लग्नाच्या पंगतीतही लोक आपापला पंथ सांगू लागले, आणि विमानाने तो दुबईतही पोचला.

दोहोंत तथ्य आहे आणि ते परस्परांना वाटते तितके विरोधी नाही. दोन्ही पद्धतींत बिस्किटे, फरसाण, शीतपेये आणि येता-जाता तोंडात टाकलेला खाऊ बाद होतो. दोहोंत जेवणाला वेळ ठरतो. दोनदा जेवण्याची पद्धत ज्याच्या दिवसाला साजते, त्याच्या एकूण कॅलरी आपोआप घटतात. ज्याला दुपारच्या जेवणानंतर रात्री नऊपर्यंत काही मिळणार नाही, तो मात्र नऊ वाजता दुपटीने खातो. पद्धत निवडताना पंथापेक्षा आपले वेळापत्रक पाहणे शहाणपणाचे. एक सावधगिरी अटळ आहे. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असलेल्यांनी जेवणाच्या वेळा स्वतःच्या मनाने कमी केल्या तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. डॉक्टरांशी बोलून औषधाची मात्रा बदलल्याशिवाय असा प्रयोग करू नये. हाच नियम रोजे धरणाऱ्या मधुमेहींनाही लागू होतो. रत्नागिरी-रायगडकडची अनेक मुस्लिम कुटुंबे अमिरातीत आहेत. रमजानमध्ये वजन घटण्याऐवजी वाढल्याचा अनुभव त्यांतील पुष्कळांना असतो, त्याचे कारण उपवासात नसून इफ्तारच्या भज्यांत, समोशांत आणि सरबतांत असते. खजूर, पाणी, डाळीचे सूप आणि मग थोड्या वेळाने जेवण, हा जुना क्रम अधिक हिताचा.

बाजारातली ओळखीची माणसे

परदेशात आपले अन्न मिळत नाही ही तक्रार अमिरातीत टिकत नाही. महादेव दातार यांनी १९८४ मध्ये सुरू केलेल्या आणि धनंजय दातार यांनी विस्तारलेल्या ‘अल आदिल’सारख्या दुकानांत भाजणीपासून ज्वारीच्या पिठापर्यंत सगळे असते, मेथी, आंबट चुका, शेवग्याच्या शेंगा बर दुबई आणि करामा येथील भाजीवाल्यांकडे मिळतात. पण स्थानिक अरबी अन्नातही आपल्या ओळखीचे बरेच काही आहे. लबान म्हणजे ताकच. वाहतुकीत अडकलेल्या माणसाला शीतपेयापेक्षा त्याची बाटली कितीतरी बरी. लबने म्हणजे पाणी निथळलेले दही, आपला चक्का. त्यात साखर घातली नाही की तो प्रथिनांचा उत्तम स्रोत. हुमुस काबुली चण्यांचे, फूल वालासारख्या बीन्सचे, अदस मसुराचे सूप. पालेभाज्या आणि काकडीच्या फत्तूश, तबुले या कोशिंबिरी. मांस भाजलेले मिळते. नुकसान करते ते त्यासोबतचे : पांढऱ्या मैद्याची खुबूस पोळी, लसणाच्या पांढऱ्या चटणीतील तेल, बटाट्याचे तळलेले काप आणि शेवटी पाकात बुडवलेली कुनाफा. कोकणी माणसाला तर तक्रारीला जागाच नाही. देऱ्याच्या वॉटरफ्रंट मार्केटमध्ये सुरमई आणि बांगडा ताजा मिळतो. तो रव्यात घोळवून तेलात पोहण्याऐवजी तव्यावर दोन चमचे तेलात भाजला तरी चवीला उणा पडत नाही.

सरकारनेही ग्राहकाच्या हाती काही साधने दिली आहेत. २०१७ मध्ये शीतपेयांवर ५० टक्के आणि ऊर्जापेयांवर १०० टक्के अबकारी कर बसला; डिसेंबर २०१९ पासून तो इतर गोड पेयांनाही लागू झाला आणि २०२६ पासून गोड पेयांवरील कर शंभर मिलिलिटरमध्ये साखर किती, यावर ठरतो. अबू धाबीत काही प्रकारच्या खाद्यपदार्थांवर २०२५ पासून ‘ए’ ते ‘ई’ अशी न्यूट्री-मार्क श्रेणी छापणे सक्तीचे झाले आहे. मुलांना खरेदीला नेऊन हा खेळ शिकवता येतो : दोन पाकिटे हातात घ्यायची आणि साखर कशात कमी आहे ते शोधायचे.

शतपावली, जोर आणि मॉल

जून ते सप्टेंबर या काळात बाहेर चालणे जवळपास अशक्य असते. उघड्यावर काम करणाऱ्या कामगारांना १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन सक्तीची विश्रांती दिली जाते, यावरून उन्हाची कल्पना यावी. हिवाळ्यात ममझार, झबील किंवा अबू धाबीच्या कॉर्निशवर रोज दिसणारी माणसे मेनंतर नाहीशी होतात, आणि चार महिन्यांत कमावलेले चार महिन्यांत गमावले जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये दुबईतील काही मोठे मॉल सकाळी सात ते दहा चालणाऱ्यांसाठी खुले ठेवण्यात आले, तो याच अडचणीवरचा उपाय. २०१७ पासून दरवर्षी भरणारा ‘तीस दिवस, रोज तीस मिनिटे’ हा दुबई फिटनेस चॅलेंजचा उपक्रमही सवय लावायला चांगला आहे, फक्त तोही थंडीच्या तोंडावर येतो.

स्नायू मुळातच कमी असलेल्या शरीराला नुसते चालणे पुरेसे नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम व्यायामासोबत दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगते. त्यासाठी जिमचे वार्षिक शुल्क भरलेच पाहिजे असे नाही. जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार यांना वातानुकूलित खोलीतील सतरंजीएवढी जागा पुरते. रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली इमारतीच्या मार्गिकेत घालता येते. दहा-पंधरा मिनिटे चालण्याने जेवणानंतरची साखर कमी चढते, हे आता प्रयोगांनीही दाखवले आहे.

मुले, आजी आणि स्वयंपाक करणारे हात

वाढत्या मुलांना वजन घटवण्याचा आहार देऊ नये. वजन आहे तेथे थांबले आणि उंची वाढत गेली तरी बहुतेक मुलांचा प्रश्न सुटतो. प्रमाण फारच बिघडले असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. मुलाच्या देहावर, विशेषतः चारचौघांत, बोलणे टाळावे. घरात शीतपेय येत नाही, रस काढण्याऐवजी फळ कापले जाते, जेवताना पडदे बंद असतात आणि झोप वेळेवर होते, एवढे सगळ्यांसाठी सारखे असले की ‘तुझ्यासाठी’ असा वेगळा नियम करावा लागत नाही. हिवाळ्यात महाराष्ट्रातून आलेल्या आजी-आजोबांचा आग्रह ही नाजूक बाब आहे. ताटात काही टाकू नये ही त्यांची शिकवण टंचाईच्या काळातली आणि योग्यच आहे. म्हणून ताटात पहिल्यांदाच कमी वाढावे, मग टाकण्याचा प्रश्न येत नाही. आजीला आग्रहच करायचा असेल तर तो भाजीचा करू द्यावा.

या सगळ्याचा भार कुणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. उसळींना मोड आणणे, दुसरा डबा भरणे, भाकरी थापणे ही कामे बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येतात, मग ती नोकरी करणारी असो वा पतीच्या व्हिसावर आलेली. तिने एकटीने चालवलेला आहारबदल तिच्या थकव्याबरोबर संपतो. शनिवार-रविवारच्या सुट्टीत नवऱ्याने आणि मुलांनी मिळून भाज्या निवडणे, कडधान्ये भिजवणे, आठवड्याचे डबे लावणे, हा आहाराचाच भाग समजावा.

औषधे आणि तपासण्या

सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड यांसारखी इंजेक्शने आता अमिरातीत परिचित झाली आहेत. योग्य रुग्णाला, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती फार उपयोगी पडतात, आणि ती घेण्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आल्याचे चाचणीत दिसले आहे. शिवाय चरबीबरोबर स्नायूही घटतात. मुळात स्नायू कमी असलेल्यांनी प्रथिने आणि व्यायाम यांकडे अधिक लक्ष दिले पाहिजे. मित्राच्या सल्ल्याने किंवा समाजमाध्यमावरच्या विक्रेत्याकडून ती घेऊ नयेत. थायरॉइड, स्त्रियांतील पीसीओएस किंवा काही औषधांमुळे वजन वाढत असेल तर आधी त्याचा शोध घ्यावा लागतो. वर्षातून एकदा एचबीए१सी, उपाशीपोटीची साखर, कोलेस्टेरॉल, यकृताच्या तपासण्या आणि ड जीवनसत्त्व पाहावे. वर्षभर ऊन असलेल्या या देशात घरात राहणाऱ्यांत त्याची कमतरता सर्रास आढळते.

अमेरिकेतील एका नोंदवहीत १९९४ पासून अशा लोकांची माहिती जमा होते ज्यांनी किमान साडेतेरा किलो वजन घटवून ते वर्षभर तरी टिकवले आहे. त्यांनी वापरलेले आहार नाना प्रकारचे आहेत. सवयी मात्र मिळत्याजुळत्या : बहुतेक जण न्याहारी चुकवत नाहीत, आठवड्यातून एकदा तरी वजन करतात, दूरचित्रवाणी कमी पाहतात आणि रोज जवळपास तासभर हालचाल करतात. आठवड्याचे वजन अमिरातीतील कुटुंबाला विशेष उपयोगी पडेल ते सप्टेंबरात. जुलैत गावी जाण्याआधीचा आकडा फ्रिजवर लिहून ठेवावा. सुट्टीत आंबा, पुरणपोळी, मामाकडची जेवणे सुखाने खावीत. परतल्यावर पहिल्याच आठवड्यात पुन्हा काट्यावर उभे राहावे. दीड-दोन किलो वाढलेले असतात, आणि गणपतीच्या मोदकांपूर्वी ते लक्षात आले तर दोन महिन्यांत उतरतात. येताना सामानात लाडू-चकल्यांच्या डब्यांशेजारी कुळथाचे पीठ, नाचणी आणि घरच्या भाजणीला जागा ठेवावी.